सह्याद्रीत साप कधी पाहावेत? नवख्यांसाठी ऋतुवार मार्गदर्शन

‘साप बघायला कोणता महिना चांगला?’ असा प्रश्न विचारणाऱ्याला बहुतेक वेळा ‘पावसाळा’ असं एका शब्दात उत्तर मिळतं. ते चूक नाही, पण अपुरं आहे. भर आषाढात सलग तीन दिवस कोसळणाऱ्या पावसात आंबोलीला गेलात तर जळवा भरपूर भेटतील, साप मोजकेच. उलट डिसेंबरच्या कोवळ्या उन्हात धरणाच्या फुगवट्याच्या काठी निवांत पडलेला अजगर दिसू शकतो, जो पावसाळ्यात शोधूनही सहसा मिळत नाही. म्हणून आधी ‘कोणता साप’ ते ठरवा, मग ऋतू आणि सर्वात शेवटी तारीख. हा लेख महाराष्ट्रातला सह्याद्री, त्याखालचं कोकण आणि घाटमाथ्यालगतचा भाग एवढ्यापुरता आहे.

साप पाहायचे म्हणजे फक्त पाहायचे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार साप पकडणं, पाळणं, मारणं हे गुन्हे आहेत आणि हौसेखातर शेपटी धरून फोटो काढणंही त्यात येतं. हाताळणी शिकवणारा लेख हवा असेल तर हा तो नाही.

१. आधी हवामान समजून घ्या

साप स्वतःच्या शरीरात उष्णता तयार करून तापमान राखत नाही, ती बाहेरून घेतो. त्यामुळे थंडीत तो दिवसा उन्हाला येतो आणि कडक उन्हाळ्यात सूर्य मावळल्यावर बाहेर पडतो. त्यावर दुसरा परिणाम भक्ष्याचा. पहिल्या पावसात बेडूक बाहेर आले की बेडूक खाणारे साप त्यांच्या मागोमाग येतात. भात तयार झालं की उंदीर बांधावर येतात, आणि मागून धामण, नाग, घोणस. तिसरी गोष्ट वीण: एरवी दडून राहणारे नर जोडीदाराच्या शोधात उघड्यावर फिरतात ते याच काळात.

म्हणून कॅलेंडरपेक्षा ‘उघडीप’ महत्त्वाची. एक-दोन दिवस चांगला पाऊस झाला, दुपारनंतर तो थांबला, हवा दमट आणि उबदार आहे, वारा नाही आणि बेडकांचा आवाज कानठळ्या बसवतोय, अशी संध्याकाळ मिळाली तर जेवण लवकर उरका आणि निघा. जोराचा वारा सुटला तर झाडावरचे साप आत सरकतात. ढगफुटीसारख्या पावसात तर तुम्हालाच काही दिसत नाही.

२. ऋतू निवडा

*वळीव आणि मृग (मे अखेर ते जून अखेर).* वर्षातला सर्वात हालचालीचा काळ. तापलेल्या जमिनीवर पहिला वळीव पडला की त्याच रात्री रस्त्यांवर साप दिसू लागतात. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, फुरसं हा छोटा विषारी साप या दिवसांत रात्री बाहेर असतो. दिवसा फुरसं दगडाखाली असतं, म्हणून सड्यावर दगड उलटवणं हा पहिला मूर्खपणा समजा. धामणींचे नर एकमेकांना पीळ घालून उभे राहतात तेही साधारण याच सुमारास दिसतं. लोक त्याला मिलन समजतात, पण ती दोन नरांची झुंज असते. लांब उभे राहा, ती बराच वेळ चालते. घोणस आणि फुरसं पिल्लांना जन्म देतात तोही काळ हाच. घोणशीची वीसहून अधिक पिल्लं एका वेळी होतात आणि प्रत्येक पिल्लू जन्मापासून विषारी असतं.

*भर पावसाळा (जुलै ते सप्टेंबर).* चापड्यांसाठी, म्हणजे झाडाझुडपांवर राहणाऱ्या विषारी सापांसाठी, लोक येतात ते या दिवसांत. आंबोली, चोर्ला आणि तिलारीच्या परिसरात मलबारी चापडा, तर घाटमाथ्यावर इतरत्रही हिरवा, म्हणजे बांबू चापडा. मलबारी चापडा हिरवा, तपकिरी, पिवळसर, राखाडी अशा अनेक रंगांत असतो, त्यामुळे ‘हिरवा साप’ शोधत गेलात तर पुढ्यातला तपकिरी साप चुकेल. हे साप शिकारीसाठी दबा धरून बसतात आणि एकेका फांदीवर अनेक दिवस तिथेच मिळतात. ओढ्याकाठची झुडपं, शेवाळलेले दगड, पायवाटेलगतच्या गुडघ्यापासून डोक्याइतक्या उंचीच्या फांद्या, हे त्यांचे ठिकाण.

याच काळात गवत्या सापडतो. हा हिरवागार, बेडूक-भेक खाणारा, स्वभावाने शांत साप गवताळ उतारांवर दिवसाही दिसतो. नानेटी, दिवड, कवड्या, मांजऱ्या, मण्यार हेही असतातच. मुसळधार पावसानंतर पहाटे रस्त्यावर बोटाएवढा जाड, गुळगुळीत, बोथट शेपटीचा खापरखवल्या येतो. त्याच्यासारखाच दिसणारा पण साप नसलेला देवगांडूळ इथेच असतो: अंगावर वळ्या, कातडी ओलसर, खवले डोळ्यांना दिसत नाहीत. तो बेडकांसारखाच उभयचर आहे. त्याला ‘दुतोंड्या’ म्हणून मारू नका, कोणाला मारू देऊ नका.

जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्टचा पूर्वार्ध आंबोलीत सर्वाधिक पावसाचा असतो. पहिल्यांदाच येत असाल तर मृग सरल्यावर, म्हणजे जूनचा शेवट ते जुलैचा पहिला आठवडा, किंवा मग सप्टेंबर निवडा. सप्टेंबरात उघडीप जास्त, धुकं कमी आणि साप तेवढेच.

*परतीचा पाऊस आणि भातकापणी (ऑक्टोबर, नोव्हेंबर).* पावसात बाहेर आलेली पिल्लं आता सर्वत्र पसरलेली असतात. शेताच्या बांधावर धामण, नाग, घोणस. हा काळ साप पाहणाऱ्यापेक्षा शेतात राबणाऱ्यासाठी जास्त धोक्याचा आहे, तेव्हा कापणी चाललेल्या शेतात हौशी लोकांनी जाऊ नये. रस्ता आणि बांधाच्या कडेनेच फिरा.

*हिवाळा (डिसेंबर ते फेब्रुवारी).* रात्रीची फेरी जवळपास वाया जाते, दिवसाची मात्र मोलाची. सकाळी साधारण नऊ ते अकरा या वेळात ऊन खाणारे साप शोधा: खडकांवर अजगर, बांधाच्या उन्हाकडच्या बाजूला घोणस. घोणशीची वीण या थंडीतच असते, त्यामुळे नर दिवसाढवळ्या फिरताना दिसतात. अजगराचंही तसंच. पुढे उन्हाळ्यात अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून जवळपास दोन महिने बसते. अशी मादी दिसली तर एक फोटो, आणि परत त्या ठिकाणी गर्दी नको.

*उन्हाळा (मार्च ते मे मध्य).* आटत चाललेल्या ओढ्यांच्या डोहांपाशी दिवड, दुपारच्या उन्हात रुका आणि हरणटोळ हे झाडसाप, संध्याकाळी सड्यावर फुरसं. दोडामार्ग-तिलारी भागात नागराजाच्या (किंग कोब्राच्या) नोंदी आहेत आणि त्याची मादी पालापाचोळा गोळा करून घरटं बांधते ती पावसाआधी. पण नागराज बघायचा म्हणून सहल आखणं म्हणजे निराशेची तयारी. दिसला तर नशीब.

३. जागा ठरवा आणि परवानगी घ्या

नवख्याने सुरुवात आंबोलीतून करावी. राहायला सोय आहे, वाटा ठरलेल्या आहेत, स्थानिक वाटाडे सापांना ओळखतात. सावंतवाडीहून घाट चढून किंवा कोल्हापूर-आजरा मार्गे तिथे पोहोचता येतं. महाबळेश्वर, भीमाशंकर, फणसाड, कोयना, राधानगरी हे सगळे सापांचे भाग आहेत, पण यातली बरीच क्षेत्रं अभयारण्य किंवा व्याघ्र प्रकल्पात येतात. तिथे सूर्यास्तानंतर परवानगीशिवाय थांबता येत नाही, आणि पावसाळ्यात काही ठिकाणी पर्यटनच बंद असतं.

राखीव वनातही रात्री शिरणं बेकायदा आहे. म्हणून दोनच रस्ते: सार्वजनिक रस्त्याच्या कडेने फिरा, किंवा संबंधित वनक्षेत्रपाल कार्यालयात आधी अर्ज करा. मालकीच्या जमिनीत मालकाला विचारा. देवराईत जाणार असाल तर गावातल्या जाणत्या माणसाला सोबत घ्या आणि तिथली शिस्त पाळा, चपला काढायला सांगितल्या तर रात्री न जाता सकाळी जा.

अर्जासोबत साधारणपणे लागणारी कागदपत्रं:

- सर्वांची ओळखपत्रं (आधार किंवा वाहन परवाना) आणि त्यांच्या छायाप्रती
- नावं, वय, मोबाइल क्रमांक यांची यादी
- तारखा, वेळ आणि जायची ठिकाणं
- वाहन क्रमांक
- वाटाड्याचं नाव आणि संपर्क
- कॅमेऱ्यांचा तपशील (काही ठिकाणी त्यासाठी वेगळं शुल्क घेतात)

निदान आठ-दहा दिवस आधी अर्ज द्या. आदल्या दिवशी दिलेला अर्ज पुढे सरकला नाही तर तो कार्यालयाचा दोष नाही.

४. साहित्य जमवा

- पोटरीपर्यंत येणारे गमबूट. सह्याद्रीत पावसाळ्यात बुटांना पर्याय नाही. सॅंडल घालून येणाऱ्याला परत पाठवा.
- दाट विणीचे लांब मोजे किंवा जळूमोजे. जळू लागली तर ओढून काढू नका, नखाने तोंडाच्या बाजूने हलकेच सोडवा.
- हेडलॅम्प आणि वेगळा हातातला टॉर्च, दोन्हींच्या जादा बॅटऱ्या.
- पूर्ण लांबीचा रेनकोट. गर्द रंग चालतो, पण रस्त्यावर फिरणार असाल तर वरून चकाकणारं जॅकेट घाला. घाटात गाड्यांचा धोका सापांपेक्षा मोठा आहे.
- जाड कापडाची पूर्ण पँट.
- पाणी, कोरडं खाणं, शिट्टी, क्रेप बँडेज, आणि एक लाकडी पट्टी.
- कॅमेरा असेल तर कोरडा रुमाल, सिलिका जेल, हवाबंद पिशवी. एसी खोलीतून थेट बाहेर काढला तर काचेवर बाष्प धरतं, म्हणून निघण्याआधी अर्धा तास तो व्हरांड्यात ठेवा.

हुक आणि चिमटा मात्र घेऊन येऊ नका. हातात हुक असला की तो वापरावासा वाटतोच.

५. रात्रीची फेरी अशी करा

सूर्यास्तानंतर अर्ध्या-पाऊण तासाने निघा आणि साडेदहा-अकरापर्यंत थांबा. गट चार ते सहा जणांचा असावा, एक जण पुढे, एक मागे. पुढचा जमीन बघतो, मधले दोघे डावी-उजवी झुडपं, मागचा वरच्या फांद्या.

चाल अगदी संथ ठेवा. पाचशे मीटरला एक तास लागला तर तो वेग बरोबर आहे. नवखे लोक दोन-तीन किलोमीटर धडाक्यात चालून ‘काहीच नाही’ म्हणतात, तेव्हा सहसा त्यांनी दोन-तीन चापडे मागे टाकलेले असतात.

टॉर्च डोळ्यांच्या उंचीवर, नाकाच्या बाजूला धरा, म्हणजे खवल्यांवरची चमक तुमच्याकडे परत येते. डोळ्यांची चमक शोधू नका. बेडूक आणि कोळी यांचे डोळे अंधारात चमकतात, सापांचे तसे चमकत नाहीत. आकार शोधा: फांदीला न जुळणारा वळसा, पानावर ठेवल्यासारखं वेटोळं. धुकं असेल तर हेडलॅम्प बंद करा, कारण त्याचा उजेड समोरच्या थेंबांवरून परत डोळ्यांत येतो. अशा वेळी टॉर्च कमरेजवळ खाली धरा आणि तिरपा फिरवा. ही एक गोष्ट कळल्याने आंबोलीतल्या धुक्यातल्या रात्री फुकट जात नाहीत.

दिवसा चालणारे झाडसाप रात्री सर्वात सोपे. हरणटोळ आणि रुका बारीक फांद्यांच्या टोकाला झोपतात, आणि टॉर्चच्या उजेडात त्यांची फिकट पोटं दुरूनच उठून दिसतात. दिवसा पानांत हरवणारा हरणटोळ रात्री असा सापडतो.

पाऊल टाकण्याआधी जमीन, आणि हात टेकण्याआधी आधार तपासा. पुलाचा कठडा, पायरीची कड, झाडाचा बुंधा, यांवर अंधारात हात टेकणं ही नवख्यांची सगळ्यात घातक सवय आहे. आडवं पडलेलं खोड दिसलं तर एकदम ओलांडून पलीकडे पाय टाकू नका. आधी त्यावर उभे राहा, पलीकडे बघा, मग उतरा.

गाडीतून बघायचं असेल तर वेग ताशी वीस किलोमीटरच्या आत ठेवा आणि वळणावर थांबू नका. रस्त्यावर साप दिसला तर मागून येणाऱ्या गाड्यांना आधी इशारा द्या. साप स्वतःहून जाऊ द्या. अडकलेला असेल आणि रस्त्यावरच बसला असेल तर वन विभागाचा हेल्पलाइन क्रमांक १९२६ आहे.

६. ओळखीतले सापळे

हाताळायचं नसलं तरी ओळख पक्की हवी, कारण अंतर तुम्ही त्यावरून ठरवता.

अतिविषारी मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांत सर्वाधिक गफलत होते. मण्यार चकचकीत काळीनिळी, पांढरे पट्टे बारीक आणि बहुधा जोडीने, डोक्यामागे काही अंतर पट्टे नसतात आणि शेपटीकडे ते ठळक होतात. पाठीच्या मधोमध मोठे षटकोनी खवले असतात. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. अंधारात खात्री नसेल तर ती मण्यारच समजा.

घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या तीन ओळी असतात, मान बारीक, डोकं त्रिकोणी, आणि चिडली की प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार. अजगराच्या पिल्लावर मोठे वेडेवाकडे डाग असतात आणि डोक्यावर बाणासारखी खूण. डुरक्या घोणस फक्त नावाची घोणस, ती बिनविषारी; तिची शेपटी आखूड नि खरखरीत असते, डाग एकमेकांत मिसळलेले. ‘अजगराचं पिल्लू’ म्हणून घोणस उचलल्याच्या घटना महाराष्ट्रात वारंवार घडतात.

फुरसं लहान असतं, डोक्यावर बाणासारखी किंवा पक्ष्याच्या पावलासारखी खूण, आणि धोका वाटला की इंग्रजी आठच्या आकारात अंगाची घासणी करून करवतीसारखा आवाज काढतं. लहान आहे म्हणून जवळ जाऊ नका. मांजऱ्याला तशीच रंगसंगती पण अंग बारीक, डोळे मोठे.

डोळे दुधाळ निळसर दिसत असतील तर साप कात टाकण्याच्या बेतात आहे. त्याला नीट दिसत नसतं आणि तो चिडका असतो. त्याच्यापासून एक पाऊल आणखी मागे राहा.

७. अंतर आणि फोटो

साप सहसा आपल्या लांबीच्या एक तृतीयांश ते अर्ध्या अंतरापर्यंत झेपावतो, पण उतारावर, फांदीवरून किंवा घाबरल्यावर हा हिशोब चुकू शकतो. म्हणून चापड्यांपासून निदान दीड मीटर, घोणस आणि नागापासून तीन मीटर अंतर ठेवा. जवळून फोटो हवा असेल तर ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स वापरा, हाताने अंतर कमी करू नका.

सापाला पापण्या नसतात. एका सापावर तीन-चार फ्लॅश पुरे, तेही डिफ्युजर (उजेड सौम्य करणारं आवरण) लावून कमी ताकदीने. समोरची फांदी ‘नीट दिसावा म्हणून’ मोडू नका, सापाला दुसऱ्या ‘छान’ फांदीवर बसवू नका. दबा धरलेला चापडा हलवला की ती जागा तो सोडतो, आणि नंतर येणाऱ्याला दिसत नाही. गटाने रांगेत बघा, एका वेळी दोघे, आणि पाच मिनिटांत पुढे चला.

८. चावा झालाच तर

इथे गोंधळ जिवावर बेततो, म्हणून निघण्याआधी दोन फोन करून ठेवा: जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात सर्पदंशावरची लस आहे का, आणि रात्री डॉक्टर असतात का. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८. मोबाइल रेंज कुठे आहे हे दिवसा तपासा.

चावा झाल्यावर:

- सापापासून दूर व्हा, बसा, घाबरलेल्या माणसाला धीर द्या.
- अंगठी, घड्याळ, कडं काढा, सूज येण्याआधी.
- चावलेला अवयव लाकडी पट्टी आणि बँडेजने सैलसर बांधून हलू देऊ नका.
- घट्ट दोरी, चिरणं, तोंडाने ओढणं, बर्फ, मंत्र, गावठी औषध, काहीही नको.
- ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, रक्तस्राव वाढतो.
- वेळ लिहून ठेवा आणि थेट रुग्णालय गाठा. साप पकडून नेऊ नका. सुरक्षित अंतरावरून आधीच काढलेला फोटो असेल तर तो दाखवा.

मण्यारचा चावा बऱ्याचदा दुखत नाही आणि सूजही येत नाही. म्हणून ‘काही झालं नाही’ म्हणून झोपी जाणं हा जीव गमावायचा हमखास मार्ग. घोणस-फुरशाच्या शंकेत डॉक्टर काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं ठेवतात आणि ते गोठतं का बघतात. म्हणून रुग्णाला निरीक्षणाखाली थांबू द्या, घरी न्यायची घाई नको.

आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर बनवलेली आहे. चापड्यांच्या विषावर ती प्रभावी ठरत नाही. चापडा चावला असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, म्हणजे ते त्यानुसार उपचार करतील.

९. नोंद ठेवा, पण जागा सांगू नका

तारीख, वेळ, तापमान, पाऊस (उघडीप की संततधार), जमीन की झुडूप, उंची आणि साप काय करत होता, एवढं वहीत लिहा. दोन-तीन पावसाळ्यांत तुमचीच नोंद कुठल्याही पुस्तकापेक्षा उपयोगी पडते, कारण ती तुमच्या वाटेची असते.

फोटो टाकताना मोबाइलचं लोकेशन बंद करा आणि फक्त तालुका किंवा जिल्हा लिहा. चापड्याची नेमकी फांदी सांगितली तर दुसऱ्या दिवशी तिथे पन्नास टॉर्च असतात. मांडुळाची तर खरेदी-विक्रीच चालते, अंधश्रद्धेपोटी त्याला मोठ्या किमती लावल्या जातात. मांडूळ दिसलं की त्याचा फोटो तारखेसह स्वतःजवळ ठेवा, आणि कोणी ‘किती वजनाचं आहे?’ असं विचारत आलं तर त्याची खबर वन विभागाला १९२६ वर द्या.